कलाविद्यार्थ्याची रेखाटनवही : साउथ केन्सिंग्टन ते कलाभवन

कलाशाळांचा इतिहास सामान्यतः शासकीय अहवाल, अभ्यासक्रमपत्रिका आणि प्रदर्शनांच्या सूची यांच्या आधारे लिहिला जातो. प्राचार्य केव्हा नेमले गेले, कोणता वर्ग कोणत्या साली उघडला, कोणास कोणते पदक मिळाले, याची नोंद त्यांत सापडते. विद्यार्थ्याच्या खिशातील वहीचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. संस्था पूर्ण झालेली चित्रे जपून ठेवतात. अर्धवट, घाईने केलेली, कोपऱ्यात हिशेब मांडलेली रेखाटने रद्दीत जातात. त्यामुळे ज्या साधनाने विद्यार्थी वर्गाबाहेर पाहावयास शिकला, त्या साधनाचा इतिहास अंधारात राहिला आहे. शिक्षणशास्त्रात अलीकडे ‘चित्रदैनंदिनी’ या नावाने या वहीची बरीच वाखाणणी होते आणि विद्यार्थ्याच्या सर्जनशक्तीस चालना देणारा तो नवाच उपाय आहे असा समज दिसतो. वस्तुतः हा उपाय फार जुना आहे. प्रश्न असा की, इतका जुना उपाय कलाशाळांनी इतका काळ दाराबाहेर का ठेवला आणि जेथे तो आत घेतला तेथे नेमके काय घडले.

चित्रकाराने लहानशी वही सदैव जवळ बाळगावी, रस्त्यात बोलणारी, भांडणारी, हसणारी माणसे दिसतील तशी थोडक्या रेषांत टिपावी आणि त्या नोंदी पुसून न टाकता जपून ठेवाव्यात, असा सल्ला लिओनार्दो द व्हिंची यांच्या टिपणांत आढळतो. रूपे असंख्य आहेत व स्मरणशक्तीस ती सर्व धारण करता येत नाहीत, हे कारणही तेथेच दिले आहे. हा सल्ला कारखान्यात गुरूजवळ राहून शिकणाऱ्या शिष्यास होता. एकोणिसाव्या शतकात शासनाने चालविलेली कलाशाळा अस्तित्वात आली, तेव्हा परिस्थिती पालटली. तेथे एका शिक्षकापुढे अनेक विद्यार्थी होते, सार्वजनिक पैसा खर्च होत होता आणि त्या खर्चाचे फळ मोजून दाखवावे लागत होते.

या मोजणीची सर्वांत कडेकोट पद्धत इंग्लंडमध्ये तयार झाली. हेन्री कोल यांच्या नेतृत्वाखाली १८५२ साली जे खाते स्थापन झाले व पुढे साउथ केन्सिंग्टन या नावाने जगभर ओळखले गेले, त्याने चित्रकलेच्या शिक्षणाचे २३ टप्पे ठरविले. त्यांची आखणी रिचर्ड रेडग्रेव्ह यांची होती. प्रथम छापील नमुन्यावरून रेषा, नंतर घन आकार, मग प्लास्टरचे अलंकरण, मग प्लास्टरचे पुतळे, अशा क्रमाने विद्यार्थी पुढे सरकत असे. एकेका पुतळ्याचे छायांकन तो आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने, टोकदार खडूने ठिपके देत आणि पावाच्या गोळीने पुसत करीत राही. पुढे शिक्षकाचे उत्पन्नही विद्यार्थ्यांच्या निकालाशी जोडले गेले. अशा व्यवस्थेत रेखाटनवहीस स्थान नसणे हे कोणाच्या दुष्ट हेतूचे फळ नव्हते. वहीत जे असते ते अपूर्ण असते, प्रत्येकाचे वेगळे असते, आणि दोन परीक्षकांनी त्यास सारखे गुण द्यावेत असे त्यात काही नसते. ज्या यंत्रणेचा प्राणच तुलना हा आहे, तिला अतुलनीय वस्तू पचत नाही.

मुंबईतील सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळा याच यंत्रणेची शाखा म्हणून वाढली. जमशेटजींनी १८५३ साली एक लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि १८५७ साली शाळा सुरू झाली. १८६५ साली जॉन लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे दोघे शिक्षक म्हणून आले. या दोघांच्या चरित्रांत प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने एक उद्बोधक विसंगती आहे. किपलिंग यांच्याकडे १८७० साली शासनाने वायव्येकडील प्रदेशांतील कारागिरांची रेखाटने करण्याचे काम सोपविले. लाकूड कोरणारे, विणकर, कुंभार हे आपापल्या हत्यारांसह, आपापल्या बसण्याच्या ढबीत त्यांनी कागदावर उतरविले. ती रेखाटने आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. कुंभाराचे बसणे आणि विणकराचे बसणे यांतील भेद ज्याने उघड्यावर बसून टिपला, त्या शिक्षकाच्या शाळेत विद्यार्थ्यासमोर मात्र ग्रीक पुतळ्याचा साचा होता. शिक्षकाची वही रस्त्यावर होती आणि विद्यार्थ्याचा कागद भिंतीआड होता. किपलिंग १८७५ साली लाहोरला गेले. ग्रिफिथ्स मुंबईतच राहिले.

ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांच्या तुकड्या अजिंठ्यास नेल्या आणि भित्तिचित्रांच्या तैलरंगी प्रतिकृती करून घेतल्या. त्यांतील बऱ्याच प्रतिकृती १८८५ साली साउथ केन्सिंग्टन येथील आगीत भस्मसात झाल्या. उरलेल्यांच्या आधारे १८९६-९७ मध्ये दोन खंडांचा प्रचंड ग्रंथ निघाला. हे काम परिश्रमाच्या दृष्टीने थोर होते व त्याविषयी अनादर दाखविण्याचे कारण नाही. तथापि तेरा वर्षांच्या या उपक्रमाने विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या चित्रणात अजिंठ्याची रेषा उतरली असे मात्र दिसत नाही. प्रतिकृती पूर्ण झाली की ती संस्थेची होत असे, आणि विद्यार्थी परत येऊन पुन्हा साच्यासमोर बसत असे. त्या हिवाळ्यांत मुलांनी लेण्यांच्या पायथ्याशी, वाघूर नदीच्या काठी, फर्दापूरच्या वस्तीत काय पाहिले, याची नोंद करण्याचे कोणी त्यांना सांगितले असल्याचा पुरावा त्या भव्य ग्रंथात शोधून सापडत नाही.

अर्थात यंत्रणा कितीही बंदिस्त असली तरी डोळस विद्यार्थी तिच्या फटीतून बाहेर पडतोच. महादेव विश्वनाथ धुरंधर हे याचे ठळक उदाहरण होय. कोल्हापूरहून आलेला हा विद्यार्थी १८९० च्या जानेवारीत शाळेत दाखल झाला आणि शिक्षकाच्या नात्याने १९३१ पर्यंत तेथेच राहिला. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांचे आत्मवृत्त मराठी कलेतिहासाचे पहिल्या प्रतीचे साधन आहे. शाळेच्या शिस्तीत ते निष्णात होतेच. परंतु १९१२ साली निघालेल्या एडवर्ड्स यांच्या मुंबईविषयक पुस्तकातील त्यांची चित्रे किंवा मुंबईच्या जीवनावरील त्यांची चित्रपत्रे पाहिली, म्हणजे ही माणसे प्लास्टरच्या साच्यावरून आलेली नाहीत हे ध्यानात येते. फेरीवाल्याच्या मानेवरील ओझ्याचा बाक, गर्दीत पदर सावरणाऱ्या बाईचा कोपर, हे ज्ञान शाळेच्या वेळापत्रकात बसणारे नव्हते. ते धुरंधरांनी आपल्या हिमतीवर मिळविले. प्रश्न धुरंधरांचा नाहीच. शंभर विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या अंगी धुरंधरांची हिंमत नव्हती, त्या नव्व्याण्णवांचे काय झाले, हा आहे.

पुढे कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी १९१९ साली जिवंत व्यक्तीवरून चित्रण करण्याचा वर्ग सुरू केला आणि पाठोपाठ भित्तिचित्रणाचा वर्ग काढला. साच्याची जागा देहाने घेतली ही मोठी सुधारणा खरीच. परंतु तो देहही चौथऱ्यावर तासन्‌तास निश्चल उभा होता. चालता माणूस अद्याप वर्गात आला नव्हता.

चालता माणूस कलाशिक्षणात आणण्याचा पद्धतशीर प्रयत्न युरोपात एका फ्रेंच शिक्षकाने याच्या बराच आधी केला होता. ओरास लकोक द बुआबोद्राँ हे पॅरिसमधील एका लहान चित्रशाळेत शिकवीत. १८४८ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत त्यांनी दृश्यस्मृतीच्या शिक्षणाचा पुरस्कार केला. विद्यार्थ्याने वस्तू नीट पाहावी, मग तिच्याकडे पाठ फिरवून ती काढावी, अशा साध्या पाठापासून आरंभ करून त्यांनी पुढे मोकळ्या हवेत हिंडणारे नमुने ठेवले. विद्यार्थी पाहत आणि चित्र नंतर स्मरणाने काढीत. शिल्पकार रोदँ आणि चित्रकार फाँतँ-लातूर हे त्यांचे शिष्य होते. लकोक यांचा आग्रह असा की, स्मृती ही कल्पनाशक्तीची विरोधक नसून तिचे कोठार आहे. ज्याच्यापाशी साठा नाही तो नवे काही रचू शकत नाही, केवळ दुसऱ्याचे रचलेले उचलतो.

महाराष्ट्रातील वाचकास येथे आपल्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षांतील ‘स्मरणचित्र’ या विषयाची आठवण होईल. त्या प्रश्नपत्रिकेमागील मूळ कल्पना लकोक यांच्या कल्पनेशी नाते सांगणारी आहे, हे उघड आहे. पण परीक्षेच्या मांडवाखालून जाताना तिचे काय झाले तेही तितकेच उघड आहे. बाजार, पाणवठा, बसथांबा असे विषय ठरून गेले, त्यांची तयार चित्रे मार्गदर्शक पुस्तकांत मिळू लागली आणि विद्यार्थी ती तोंडपाठ करून जाऊ लागले. स्मरण राहिले, परंतु ते पाहिलेल्या बाजाराचे स्मरण नसून दुसऱ्याने काढलेल्या बाजाराचे झाले. विषय तोच, नावही तेच; आतला जीव मात्र निघून गेला.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे शांतिनिकेतनातील कलाभवनाचे महत्त्व नेमके कशात आहे ते कळते. रवींद्रनाथांनी १९१९ साली कलाभवन स्थापन केले आणि नंदलाल बसू (१८८२-१९६६) हे १९२२ पासून १९५१ पर्यंत त्याचे प्रमुख होते. कलाभवनाने नक्कल करण्याचे बंद केले आणि त्यामुळे प्रतिभा मुक्त झाली, असे जे सर्रास म्हटले जाते, ते बरोबर नाही. नंदलालांनी स्वतः लेडी हेरिंगहॅम यांच्या मोहिमेत १९०९-१० च्या हिवाळ्यात अजिंठ्यास जाऊन प्रतिकृती केल्या होत्या. १९२१ मध्ये बाघ येथील लेण्यांतही त्यांनी तेच काम केले. विद्यार्थ्यांकडूनही ते जुन्या चित्रांच्या नकला करून घेत. ग्रिफिथ्स यांचे विद्यार्थी आणि नंदलाल त्याच भिंतींसमोर बसले होते. फरक नक्कल करण्या-न करण्यात नव्हता. नक्कल करून झाल्यावर हात कोठे जातो, यात तो होता.

नंदलालांचा हात कार्डाकडे जाई. पोस्टकार्डाच्या आकाराचे तुकडे ते जवळ बाळगीत आणि प्रवासात, फिरताना, बोलता बोलता शाईने किंवा कुंचल्याने त्यांवर रेखाटीत. बैलगाडी, शेळी, ताडाची रांग, पावसात छत्री धरून जाणारा संथाळ, काही वर्ज्य नव्हते. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचा फार मोठा संग्रह आहे आणि त्यात अशा लहान रेखाटनांचा भरणा विपुल आहे. वहीऐवजी कार्ड ही बाब क्षुल्लक वाटेल, परंतु शिक्षणाच्या दृष्टीने ती अर्थपूर्ण आहे. वही साठवून ठेवता येते, तिचे प्रदर्शन करता येते, तिची पाने मोजता येतात. कार्ड देऊन टाकता येते. नंदलाल ती मित्रांना व विद्यार्थ्यांना पाठवीत. पत्राचे उत्तर पुष्कळदा चित्रानेच जाई. अशा रीतीने रेखाटन हे सादर करण्याची वस्तू न राहता बोलण्याची रीत बनले. विद्यार्थी गुरूचे अनुकरण करून आपापली कार्डे व वह्या भरू लागले. ठरीव अभ्यासक्रमाचा व वार्षिक परीक्षेचा जाच तेथे फारसा नव्हता, त्यामुळे त्या वह्यांना गुण मिळण्याचा प्रश्नही उद्भवला नाही. वर्षातून एकदा गुरुशिष्य मिळून बाहेरगावी तळ ठोकीत, तेव्हा तर दिवसभराचे मुख्य काम हेच असे.

या सवयीचे फळ काय, हे सिद्ध करणारे दोन प्रसंग इतिहासाने आपण होऊन पुरविले. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच खेड्यात, खानदेशातील फैजपूर येथे, भरले. गांधीजींच्या इच्छेनुसार नंदलालांनी बांबू, गवत व तत्सम स्थानिक साहित्यातून त्याची सजावट केली. पुढे १९३८ च्या फेब्रुवारीत गुजरातेतील हरिपुरा येथे अधिवेशन ठरले, आणि तेथे लावण्यासाठी चित्रफलक हवे होते. नंदलालांनी स्वतःच्या हाताने ८० हून अधिक मूळ फलक रंगविले. सहकारी व विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रती धरून ही संख्या ४०० च्या आसपास गेली. ढाक वाजविणारा, नांगर हाकणारा, बैल आवरणारा, कांडण करणाऱ्या स्त्रिया असे साधे विषय त्यांत आहेत. हातकागदावर, मातीच्या रंगांत, जाड व वेगवान रेषेने ते उभे केले आहेत. इतक्या अल्प अवधीत इतकी चित्रे समोर नमुना बसवून होणे अशक्य होते. ढाक्याच्या खांद्याचा कल आणि बैलाच्या वशिंडाची चढण हातात आधीच होती. वीस वर्षांच्या कार्डांनी ती तेथे नेऊन ठेवली होती. त्या फलकांत एकही आकृती चौथऱ्यावर उभी राहिलेली दिसत नाही.

तथापि या पद्धतीचा एक तोटा प्रांजळपणे नोंदविला पाहिजे. नंदलालांचे व्यक्तिमत्त्व प्रभावी होते आणि त्यांची रेषा मोहक होती. सामान्य विद्यार्थ्याच्या कार्डावर पुष्कळदा संथाळ स्त्री येई ती नंदलालांच्या कुंचल्यातून आल्यासारखी. डोळा स्वतःचा, पण हात गुरूचा, अशी ही अवस्था होय. साउथ केन्सिंग्टनच्या साच्यातून सुटलेला विद्यार्थी नकळत दुसऱ्या, अधिक गोड साच्यात जाऊन बसे. शांतिनिकेतनी शैलीच्या नावाखाली पुढे देशभर जी नाजूक, लयबद्ध, पण निर्जीव चित्रे निपजली, त्यांचे मूळ येथे आहे. रेखाटनवही स्वातंत्र्य देते हे म्हणणे म्हणून अर्धेच खरे आहे. वही कोणाच्या नजरेखाली भरली जाते, यावर उरलेले अर्धे अवलंबून असते. आणि ती नजर प्रेमळ असली म्हणून तिचा दाब कमी होत नाही.

ज्यांनी हा दाब झुगारला त्यांच्यात रामकिंकर बैज आणि विनोदबिहारी मुखर्जी हे अग्रगण्य होत. एका तिसऱ्या विद्यार्थ्याचे उदाहरण मात्र अधिक अनपेक्षित आहे. सत्यजित राय १९४० ते १९४२ या काळात कलाभवनात होते. मित्रांसह त्यांनी अजिंठा, वेरूळ, सांची, खजुराहो ही ठिकाणे पाहिली, आणि आपण चित्रकार होणार नाही असे उमजून अभ्यासक्रम अर्धवट सोडला. परीक्षेच्या हिशेबाने हा अपयशी विद्यार्थी. परंतु ‘पथेर पांचाली’ (१९५५) हा चित्रपट सिद्ध करताना त्यांनी रूढ पद्धतीची पटकथा न लिहिता दृश्यांच्या रेखाटनांची वही तयार केली होती, आणि पुढेही प्रत्येक चित्रपटासाठी लाल कापडी बांधणीच्या हिशेबी वह्यांत संवाद, वेशभूषा, चौकटींची मांडणी, संगीताची टिपणे अशी सर्व खिचडी ते करीत राहिले. बंगाली व्यापाऱ्याची खतावणी जगातील एका श्रेष्ठ दिग्दर्शकाची चित्रदैनंदिनी ठरली. कलाभवनाने त्यांना चित्रकार केले नाही, पण वही दिली, असे म्हणावयास हरकत नाही.

मराठी कलाजगताशी या परंपरेचा संबंध नारायण श्रीधर बेंद्रे यांच्या द्वारे जुळतो. इंदूरला देवळालीकरांच्या हाताखाली शिकलेले बेंद्रे उघड्यावर बसून चित्रण करण्यात मुरलेले होते. १९४५ साली ते काही काळ शांतिनिकेतनात राहिले. १९५० साली बडोद्यास महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयात ललितकला शाखा सुरू झाली तेव्हा चित्रकला विभाग त्यांच्याकडे आला आणि १९६६ पर्यंत ते तेथे होते. शिल्प विभागात शांतिनिकेतनचे शंखो चौधुरी होते. १९५१ पासून कलाभवनाचेच विद्यार्थी के. जी. सुब्रमण्यन हे शिक्षक म्हणून आले. कलाशिक्षण विश्वविद्यालयीन पदवीच्या चौकटीत आणण्याचा हा महत्त्वाचा प्रयोग होता आणि त्यातून एक जुनाच पेच नव्या वेषात पुढे आला. पदवी म्हटली की गुण आले, गुण आले की सादरीकरण आले. आज अनेक कलामहाविद्यालयांत वर्षअखेर ठरावीक संख्येची रेखाटने सादर करण्याची अट असते. आणि अखेरच्या आठवड्यात छायाचित्रांवरून ती संख्या कशी भरून निघते, हे कोणत्याही अध्यापकास अपरिचित नाही. कोल यांच्या खात्याने वही बाहेर ठेवली होती, नव्या व्यवस्थेने तिला आत घेऊन तिची उत्तरपत्रिका केली. यांपैकी कोणती गोष्ट अधिक घातक, याविषयी मतभेद संभवतो.

विनोदबिहारींची हकीकत येथे सविस्तर सांगितली पाहिजे, कारण लकोक यांच्या सिद्धान्ताची इतकी कठोर कसोटी दुसऱ्या कोणाच्या वाट्यास आली नसेल. १९०४ साली जन्मलेल्या या विद्यार्थ्याची दृष्टी जन्मतःच अधू होती. एक डोळा निकामी, दुसऱ्याने अगदी जवळचे दिसे. चित्रकलेस अशा मुलाला घ्यावे की नाही, ही शंका कोणत्याही प्रवेशसमितीस आली असती. कलाभवनाच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांत तो घेतला गेला. बीरभूमची तांबडी, उघडीबोडकी जमीन, तिच्यातील पावसाने पडलेल्या घळी, एकटी खजुरीची झाडे यांची रेखाटने विनोदबिहारींनी वर्षानुवर्षे केली. नंदलालांच्या रेषेतील माधुर्य त्यांत नाही. ती कोरडी आणि नेमकी आहेत. १९४६-४७ मध्ये हिंदी भवनाच्या भिंतींवर त्यांनी मध्ययुगीन संतांचे जे विशाल भित्तिचित्र काढले, ते पूर्ण आकाराचा आराखडा भिंतीवर न उतरविता, लहान रेखाटनांच्या आधारे ओल्या गिलाव्यावर थेट रंगविले. जो माणूस पाच हातांपलीकडचे स्पष्ट पाहू शकत नव्हता, त्याने भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गर्दीचा ओघ सलग वाहता ठेवला.

१९४९ साली ते शांतिनिकेतन सोडून नेपाळ, वनस्थळी, मसुरी असे हिंडले. १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात डोळ्यांची शस्त्रक्रिया अयशस्वी होऊन उरलेली दृष्टीही गेली, आणि १९५८ मध्ये ते कलाभवनात परतले ते पूर्ण अंध होऊन. त्यानंतर त्यांनी रेखाटने केली, रंगीत कागद कापून चिकटविले, मेणाच्या लहान मूर्ती घडविल्या, विद्यार्थ्यांना शिकविले. १९७२ साली कलाभवनाच्या एका भिंतीसाठी त्यांनी सिरॅमिक फरशांचे भित्तिचित्र रचले. त्यांचे जुने विद्यार्थी सत्यजित राय यांनी त्याच वर्षी काढलेल्या ‘द इनर आय’ या अनुबोधपटात हे काम चाललेले दिसते: काळा चष्मा लावलेला वृद्ध शिक्षक बोटांनी आकार चाचपतो आणि त्याला पुढचा आकार कोठे हवा ते सहायकांना सांगतो.